आम्ही दोघी जावा आणि टेबल सॉ

टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, घ्यायची हे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ठरवलं. मी नुसतं हो म्हटलं. डोणगावात आमची शेती, दोन भावांचं एकत्र घर आणि घरामागे टिनाचं शेड. त्या शेडात दुपारच्या फावल्या वेळात आम्ही पाट, चौरंग, भिंतीवरची फडताळं असं काहीबाही करायचो. हातकरवतीनं आमची फळी कधी सरळ कापलीच गेली नाही. एका फडताळावर लिंबू ठेवलं की ते आपोआप घरंगळत टोकाशी जायचं.

"मशीन काऊन घेता?" मोठे दीर म्हणाले. "हातातलं कटर प्लायच्या खाली उलटं बसवून देतो."

"त्याले पात्यावर झाकण नाई, बंद करायचं बटन हाताशी नाई," जाऊबाई म्हणाल्या. "माह्यी बोटं मले पाहिजेत."

एका दुपारी आम्ही मेहकरला गेलो. जाऊबाईंच्या पिशवीत मुलाच्या कंपासमधला गुण्या, मोडक्या खाटेचा पाय आणि रुपयाचं नाणं होतं. यांनी मशीन कशी पारखायची हे त्या मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकल्या होत्या.

दुकानात तीन मशिनी होत्या. पहिली लोखंडी, हत्तीसारखी. तिला थ्री फेज लागायची आणि तिचा भाव ऐकून आम्ही दोघी एकदमच दुसरीकडे वळलो. दुसरी सगळ्यात स्वस्त. फळी ज्या पट्टीच्या आधारानं सरकवायची, ती पुढून घट्ट बसायची, पण मागून लटलट हलायची. जाऊबाईंनी मशीन चालू करायला लावली आणि ती किती थरथरते ते पाहायला टेबलावर नाणं उभं केलं. नाणं टेबलावरून पळालं आणि काउंटरखाली गेलं. दुकानदार स्वतः वाकून शोधायला लागले, तिथंच मला हसू फुटलं.

"पोरगी पाहाले आल्यावानी पाहून राह्यल्या तुमी," ते उठत म्हणाले.

"पोरगी पाहाले एवढा येळ नाई लागत, भाऊ," जाऊबाई म्हणाल्या.

तिसऱ्या मशीनवर नाणं थरथरलं, पण पडलं नाही. पात्याशेजारी गुण्या लावला तर तो नीट काटकोनात बसला. पट्टी दोन्हीकडून घट्ट. खाटेचा पाय घातला तर काकडीसारखा कापला गेला, आणि सगळा भुसा समोर उभ्या असलेल्या दुकानदारांच्या तोंडावर उडाला. ते लागोपाठ शिंकत राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "आता तं तुमाले घ्याच लागन."

जाऊबाई हसता हसताही भाव करायच्या थांबल्या नाहीत. भाव आमच्या आवाक्यात आला, वर एक पातंही मिळवलं.

घरी मशीन मांडल्यावर कळलं की सैल कापड पात्याजवळ चालत नाही. जाऊबाई नेहमी साडीच नेसायच्या. लग्नानंतर दुसरं काही अंगावर घातलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "तुहा पंजाबी ड्रेस दे वं मले."

ड्रेस दंडात घट्ट आणि घोट्याच्या बराच वर. ओढणी नाही, बांगड्या काढलेल्या, केस रुमालात बांधलेले, डोळ्यांवर मोठा चष्मा. आवाज ऐकून सासूबाई शेडाच्या दाराशी आल्या आणि मला विचारलं, "कोन पाहुनी आली वं?"

जाऊबाईंनी आधी मशीन बंद केली, मग खाली भुशातच बसल्या आणि पोट धरून हसल्या. सासूबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "बरी दिसून राह्यली," त्या म्हणाल्या. "लांबीले कमी आहे, उसवून देतो."

त्यानंतर आम्हाला आवरणं कठीण झालं. फळी सरळ कापली जाते हे पाहून आम्ही दुसरी घेतली, मग तिसरी. मी ढकलकाठीनं फळी पुढे सारायची, त्या पलीकडून धरायच्या, मग जागा बदलायच्या. संध्याकाळी दीर शेतातून आले तेव्हा कपाटासाठी आणलेल्या सगळ्या फळ्यांच्या अरुंद पट्ट्या झाल्या होत्या.

"कपाट कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा हसत सुटलो.

त्या पट्ट्या जोडून आम्ही पाट केले. गल्लीतल्या प्रत्येक घरात एक गेला. कपाट अजून व्हायचं आहे. जाऊबाईंनी मात्र आणखी दोन ड्रेस शिवायला टाकलेत.