मुरगूडच्या पावण्यांची सदतिसावी खेप

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकरीला लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शोरूममध्ये कॉम्प्युटर एकच आणि तो माझ्या ताब्यात. गावाकडं नेसरीत वडील भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी कंप्युटरवर हाय." एखाद्या गावाला असल्यासारखं.

सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक गाडीचं कार्ड वर्कशॉपमधून माझ्याकडं यायचं, ते मी कॉम्प्युटरमध्ये भरायचे. एक दिवस मालक म्हणाले, कंपनीला रिपोर्ट हवाय. प्रत्येक गिऱ्हाइकाची ही कितवी खेप ते आकड्यात दिसलं पाहिजे. पहिली तीन सर्व्हिसिंग कूपनावर फुकट असायची. चौथ्या खेपेला कोण येतं, ते कंपनीला बघायचं होतं. फुकटातलं संपल्यावरही जो येतो, तो खरा आपला.

"मी करतो की," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'करतो'च म्हणतात.

रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर होतं, पण खेपा मोजायचं बटण त्यात नव्हतं. दोन दिवस डोकं लावून मी गिऱ्हाइकाच्या नावावरून खेपांना नंबर दिले आणि छापून मालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"हे मुरगूडचं पावणं सदतीस वेळा आलंय?"

मी वाकून बघितलं. आलं होतं खरं.

"याला घरदार हाय का न्हाय?"

हशा वर्कशॉपपर्यंत पोचला. कार्डं लिहायचे आमचे हेडमिस्त्री. वयानं माझ्या वडिलांएवढे, हात कायम ऑइलनं काळे. अनोळखी माणसाला ते पावणं म्हणायचे आणि कार्डावरही तेच लिहायचे. मुरगूडचं पावणं, कागलचं पावणं. मी लिहिलंय तसं भरत गेले. कॉम्प्युटरच्या लेखी मुरगूडहून एकच माणूस सारखा येत होता.

मालक हसायचे थांबले. "सोमवारी कंपनीचे साहेब येत्यात. तवर जमलं तर जमलं. न्हायतर पुण्याचा एक इंजिनियर हाय माझ्या बघण्यात. कंप्युटर त्याच्याकडं देतो. तू कौंटरला बस."

त्या दिवशी शुक्रवार होता. कौंटर काही वाईट नव्हता, पण वडिलांनी गावभर सांगितलेलं मला परत घ्यायला लागलं असतं.

कार्डांचा गठ्ठा घेऊन मी तडक वर्कशॉपमध्ये मिस्त्रींकडं गेले. "मामा, माणसाला नाव विचारायला काय होतंय तुम्हाला?"

"नाव घिऊन काय करू? आज गाडी हा आणतोय, उद्या त्याचा भाऊ, परवा मेव्हणा. मी गाडी वळखतो." त्यांनी कार्डावर काळं बोट टेकवलं. "ह्यो चॅसी नंबर, दर गाडीचा येगळा. गाडीवर वाकून, बघून लिवलाय. एक तरी चुकला आसंल तर दाखव."

एकही चुकला नव्हता. मी माणसं मोजत बसले होते आणि परत येत होती ती गाडी.

शनिवारी सकाळी बसले. सगळ्या नोंदी आधी चॅसी नंबरानं, मग तारखेनं लावून घेतल्या. मग सूत्र घातलं: वरच्या ओळीत हाच नंबर असेल तर तिथल्या आकड्यात एक मिळव, नंबर बदलला की पुन्हा एकपासून. एक, दोन, तीन, एक, एक, दोन. आकडे खालपर्यंत उतरले आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली.

एकच अडलं. काही गाड्या एका तारखेला दोनदा होत्या. त्या दोन खेपा धरायच्या का, म्हणून मिस्त्रींना विचारलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"न्हाय. त्याच दिशी गाडी परत आली, तर ती खेप न्हवं. ती माझी चूक. एकच धर."

तारीख तीच असेल तर आकडा वाढवू नको, एवढं सूत्रात वाढवलं.

सोमवारी साहेब आले. रिपोर्ट चाळला. वर्कशॉपमधल्या एका गाडीकडं बोट केलं. "ही कितवी?"

मिस्त्रींनी चॅसी नंबर ओरडून सांगितला, मी टाकला. "पाचवी."

गाडीवाला तिथंच बाकावर बसला होता, गडहिंग्लजकडचा व्यापारी. "चौथी," तो म्हणाला. "कूपनाच्या तीन आणि आजची. मला कळत न्हाय व्हय?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले, मालक फरशीकडं. मी गठ्ठा उपसून त्या गाडीची कार्डं काढली. एका कार्डावर सही दुसऱ्याच कुणाची तरी होती.

"आवो पावणं," मिस्त्री गाडीमागूनच बोलले, "मधी तुमचा धाकटा भाऊ आलता की. क्लच प्लेट घातली. पाक जळली हुती."

व्यापाऱ्यानं कार्ड हातात घेतलं, सही बघितली. "त्याचीच हाय. क्लच जाळला आणि मला पत्ता लागू दिला न्हाय त्या भाड्यानं."

साहेब पहिल्यांदा हसले. "हे सॉफ्टवेअर कुठनं घेतलं?"

"सॉफ्टवेअर आपलं नेहमीचंच. नंबर मी घातलेत."

"काय शिकलाय?"

"बी.कॉम.," मी म्हणाले.

पुण्याच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या आठवड्यापासून सांगली, कराड, निपाणीच्या शोरूममधून मला फोन यायला लागले. साहेबांनीच सांगितलं होतं त्यांना. मी रिसीव्हर खांद्यावर धरायचे आणि स्क्रीनकडं बघत सांगायचे, "आधी सगळं नंबरानं लावून घ्या. लावलं? आता वरच्या ओळीकडं बघा." आणि पलीकडून एखादा इंजिनियर म्हणायचा, "मॅडम, जरा सावकाश, लिहून घेतोय."