दोन हजार एकशे बारा पावलं

“हा मानूस पानी पेत नाई वं, पान्याची परीक्षा घेते,” भागाबाई हळूच शेजारणीला म्हणाली. मी चार हातांवर बसून पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. पण गप्प राहणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही, असं लोक धरूनच चालतात.

“परीक्षा घेते अन् नापास करते,” शेजारीण म्हणाली. “आपल्या जागेले पास करन का नाई हा बुडा, देव जाने.”

काकांचं याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही. जगातल्या कुठल्याच पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. देवळात तीर्थ घेतलं तरी तळहात उजेडाकडे धरून आधी निरखत, मग भक्तिभावाने नमस्कार करून ते तुळशीला घालत. वडिलांचे हे मावसभाऊ नागपूरला इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे. खेड्यांतल्या विहिरींवर संशोधन करायला म्हणून नालवाडीत आमच्या शेजारी दोन वर्षं घर घेऊन राहिले, तासांपुरते नागपूरला जात. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ते म्हणत, वेळ मिळाला नाही. आई म्हणे, कुठल्याच सासरचं पाणी पसंत पडलं नाही.

नव्या वर्गाला ते आधी पवनारला धाम नदीवर घेऊन यायचे. दगडावर दोन पेले मांडायचे, एकात नदीचं गढूळ पाणी, दुसऱ्यात काचेसारखं नितळ. “कोणतं पिणार?” सगळी मुलं नितळ पेल्याकडे बोट दाखवायची. मग काका फार प्रेमाने सांगायचे, की तो पेला संडासाला लागून असलेल्या एका विहिरीतून आणला आहे. त्यानंतर दिवसभर एकही मुलगा कुठल्याच पाण्याला तोंड लावायचा नाही, आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांचे ओठ सुकलेले असायचे. “पुस्तकात या धड्याला दोन पानं लागतात,” काका म्हणत, “तहानेने तो दोन तासांत होतो.”

मला बघायला एकदा आर्वीकडची मंडळी आली होती. पुढे आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून काकाही आले. सगळे मुलाचा पगार विचारत असताना काका उठून परसात गेले आणि थोड्या वेळाने दारात उभे राहून म्हणाले, “मुलगा बरा आहे. विहीर नापास. संडासापासून जेमतेम सात पावलं.” लग्न मोडलं. आई आठवडाभर काकांशी बोलली नाही. मला तो मुलगा आवडला नव्हता, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकांनी ते विहिरीकडून काढून घेतलं, असं मला उगीचच वाटत राहिलं.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून काकांच्या अहवालांचं इंग्रजी माझ्याकडे आलं. कागदावर माझी वाक्यं सरळ चालत. तोंडाने बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. “हिच्या तोंडून वाक्य निघणं म्हणजे खडकाला पाणी लागणं,” काका पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. मीही हसायची, ते बिनशब्दांचं असतं.

आता पावलांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. काका टेप वापरत नसत. “टेप ताणतो, भिजतो, खोटं बोलतो,” असं त्यांचं मत. त्यांचं पाऊल मात्र बरोबर अडीच फुटांचं होतं, आणि ते बिघडू नये म्हणून रोज सकाळी ते घराजवळच्या मैलाच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मोजत जात. दोन हजार एकशे बारा पावलं. वाटेत कोणी नमस्कार केला तर बोटाने आकडा दाखवून पुढे जात. टेप माझ्या पिशवीत असायचा. तो विद्यार्थ्यांना न वापरायला शिकवण्यासाठी.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॉलेजात शिकवताना ते फळ्याकडे बघत व्यासपीठावरून खाली उतरले, पण पायरी तिथे नव्हती. घोटा सुजला. “पायाला काही झालेलं नाही,” ते म्हणाले, “जमीन जरा चुकली.” आठ दिवसांनी लंगडत पुन्हा दगड मोजायला गेले आणि संतापून परतले. दोन हजार सहाशे चाळीस! “दगड कोणीतरी सरकवलाय. लिही पत्र.” मी बघितलं होतं ते कसे चालतात. तरी मी खाली मान घालून, उत्तम इंग्रजीत, दगडाविरुद्ध तक्रार लिहून दिली.

त्यानंतर चारच दिवसांनी आम्ही रोहण्याच्या पलीकडे भागाबाईच्या गावात गेलो. वस्तीतल्या लोकांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि गावच्या विहिरीवर त्यांना आधीही पाणी भरू देत नव्हते, आताही देत नव्हते. वस्ती पाणी भरायची ओढ्यातून. आदल्या पावसाळ्यात पटकीने भागाबाईची मुलगी गेली होती. आता वस्तीसाठी वेगळी विहीर मंजूर झाली होती, पाटलांनी उताराखालचा एक तुकडा देऊ केला होता, आणि काका हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी कुदळ पडणार होती. चढावर संडासांचे चर होते. चरांपासून विहीर शंभर फूट हवी, हा काकांचा नियम.

काका लंगडत निघाले. सगळी वस्ती त्यांच्याबरोबर ओठांत मोजत होती. “बेचाळीस!” काका थांबले. “एकशे पाच फूट. पास!”

भागाबाईने हात जोडले. कोणीतरी नारळ आणायला पळालं.

मी मनात गणित केलं. पाच हजार दोनशे ऐंशी फुटांच्या मैलाला दोन हजार सहाशे चाळीस पावलं, म्हणजे पाऊल दोन फुटांचं. बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी. पुन्हा केलं, तेवढंच आलं. पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले, “झालं ना सायेब? पसंत नसती तं दुसरी जागा आपल्यापाशी नाई बरं. हेच घ्या, नाई तं राहू द्या.” बोलले तर कदाचित विहीरच जाणार. नाही बोलले तर ते पाणी भागाबाईची उरलेली दोन मुलं पिणार. वाक्य जुळायला वेळ नव्हता. नारळ आला होता.

मी बोलले. एकच वाक्य, नीटसं जुळलेलंही नव्हतं. काका माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या घोट्याकडे. “टेप काढ,” ते म्हणाले. टेप चौऱ्याऐंशी फुटांवर थांबला.

मग काकांनी पाटलांच्या बांधापलीकडे सोळा फूट मोजायला लावले, आणि तिथल्या वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाटीत बसून माती, मुरूम आणि झिरपा यांवर व्याख्यान सुरू केलं. उन्हं कलली तरी ते संपेना. “घ्या बाप्पा, घ्या सोळा फूट,” पाटील शेवटी म्हणाले, “पन यायले उठवा इथून!”

विहिरीला पाणी लागलं तेव्हा भागाबाईने पहिला तांब्या काकांपुढे धरला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. खिशातली नमुन्याची बाटली बाहेर काढली, परत आत ठेवली, आणि न उकळता, न गाळता सगळं पाणी प्यायले. मी असं त्यांना एकदाच पाहिलं.

काका आता नागपूरला परतलेत. नालवाडीचं घर बंद असतं. मी कधी सकाळी दगडापर्यंत जाते. माझी पावलं खूप जास्त भरतात. भागाबाई बाजारात भेटली की सोबतच्या बायांना सांगते, “हेच ते पोरगी,” आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावते. मी लाजते, पण म्हणते. त्या दिवशी मातीकडे बघत म्हटलं होतं, तसंच:

“काका, दगड जागेवरच आहे. तुमचं पाऊल लहान झालंय.”