आवाज बंद करून पाहिलेली ब्रिटिश मालिका

परवा मंचरला दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते, तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला... घरी बसून बघण्यासारख्या चांगल्या ब्रिटिश मालिका सुचव, तू इंग्रजीची बाई ना! आधीच दाढ ठणकत होती. मनात म्हटलं, बाई गं, मला मेलीला मालिका बघायला सवड कधी होती? धड अशी एकच आठवते, आणि तिचंही नाव आठवत नाही.

वीसेक वर्षं झाली असतील. निरगुडसरला आमचं घर, आणि सासरे नुकतेच अचानक गेलेले. मी शाळेतून इंग्रजी शिकवून घरी आले की पर्स ठेवायच्या आधी चहाचं आधण ठेवायची... दुखवट्याला माणसांची रीघच लागली होती.

आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातूनच गळा काढते. मग घरातल्या बायकांनी तिच्या गळ्यात पडून रडायचं, मग तोंडं धुवायची, मग चहा... की पुढची बाई दारात! इतकी दमले होते, की रडताना डोळे मिटले तर तिथेच झोप लागेल असं वाटायचं.

आणि सासूबाई... त्यांना आम्ही आत्या म्हणायचो... त्या रडतच नव्हत्या. भिंतीला टेकून नुसत्या बसायच्या. ताटातली भाकरी चिवडायची आणि ताट सरकवायचं. डोळ्यांदेखत वाळत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यांना मोकळं होऊ द्या, नाहीतर कठीण आहे. मोकळं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही बोलले नाहीत.

भावकीत कुजबुज सुरू झालीच. आमच्या चुलत सासूबाई तर माझ्या तोंडावर म्हणाल्या, "जल्मभर नवऱ्याशी भांडली, आता रडू कुठनं येनार तिला?" असा संताप आला ना... पण हातात कपांचा ट्रे होता. तशीच पुढे जाऊन कप वाटले.

भांडायची मात्र खरी दोघं. पहाटेच्या चहापासून जे सुरू व्हायचं, ते दिवे लागेपर्यंत.

तेव्हा केबलवर कुठलंसं इंग्रजी चॅनेल लागायचं. त्यावर संध्याकाळी एक ब्रिटिश विनोदी मालिका असायची... एक म्हातारा, एक म्हातारी, त्यांचं एवढंसं स्वयंपाकघर आणि मागे कोबीचे वाफे. फार मोठं काही घडायचं नाही, म्हणूनच मला आवडायची. दिवसभर शाळेतला आणि घरातला कलकलाट ऐकल्यावर तेवढंच बरं वाटायचं.

पण माणूस गेलेल्या घरात वर्षभर टीव्ही लावत नाहीत. आमच्या टीव्हीवर चादर टाकलेली.

एका रविवारी संध्याकाळी घरात दुसरं कुणी नव्हतं. माझे मिस्टर रानात पाणी द्यायला गेलेले, आत्या आतल्या खोलीत पडलेल्या. मला राहवेना. हळूच चादर काढली, टीव्ही लावला आणि आवाज पार बंद केला. आवाज नाही म्हणजे टीव्ही लावलाच नाही, असा मी माझ्यापुरता कायदा करून घेतला!

सहज मागे बघते, तर दारात आत्या. मेले, म्हटलं. रिमोट सापडेना...

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. किती दिवसांनी त्या आपणहून कुठे येऊन बसल्या होत्या.

पडद्यावर म्हातारी म्हाताऱ्यापुढे चहाचा कप आपटत होती.

"काय म्हनतीय गं ती?"

मी म्हटलं, आत्या, आवाजच नाही, मला तरी कसं कळणार?

त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हनतीय, इतका येळ कुठं उलथला व्हता? च्या दोनदा तापवला." मी चमकून बघतेय तोवर पुढचंही आलं, "आन त्यो म्हनतोय, तुझ्या च्यात काय राम न्हाई. स्टँडवर याच्यापरीस लई चांगला मिळतो."

मला खुदकन हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला, न जाणो शेजारी ऐकू जायचं. आत्या मात्र सुटल्याच. मळक्या टोपीवरनं, वाफ्यात पाणी जास्त सोडण्यावरनं... गोरी माणसं तोंडं हलवत होती आणि भांडण आमच्या घरातलं चाललं होतं. मला तर सासऱ्यांचा खोकलासुद्धा ऐकू यायला लागला.

तेवढ्यात पडद्यावरचा म्हातारा ताडकन उठला. खुंटीवरची टोपी घेतली आणि मागे न बघता दार उघडून निघाला. आवाज असता तर त्या वेळी बहुतेक मागे लोकांचं हसणं ऐकू आलं असतं.

आत्यांनी एकदम हात पुढे केला. "आवो, थांबा की... भाकरी तव्यावर हाय. दोन घास खाऊन जा."

आणि मग त्यांना जे रडू फुटलं... मी कधी कुणाला तसं रडताना पाहिलं नाही. टीव्ही बंद करायचंही सुचलं नाही, नुसती त्यांना घट्ट धरून बसले. आवाज ऐकून चुलत सासूबाई धावत आल्या. चालू टीव्ही बघून बोलायला तोंड उघडलं, पण आत्यांकडे नजर गेली आणि त्याही खाली बसून त्यांची पाठ चोळायला लागल्या.

बऱ्याच वेळानं आत्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "भूक लागलीया." मी गरम भाकरी टाकली. जेवता जेवता त्यांनी पहिल्यांदा सांगितलं... सासरे गेले त्या सकाळी चहावरनंच वाजलं होतं. ते टोपी घालून उपाशीच रानात गेले, आणि आत्यांनी त्यांना थांबवलं नाही. नेहमीचंच भांडण, येतील दुपारी, असं वाटलं.

तो इंग्रज म्हातारा कोण होता, आता आहे की नाही, मला काही ठाऊक नाही. आपल्याला निरगुडसरात कुणीतरी कळवळून जेवायला थांबवलं होतं, हे त्याला कधी कळायचंही नाही... जिथे असेल तिथे सुखी असो बिचारा.