मोतीराम वायरमन आणि नयनशेठांचा अजगर

मोतीराम वायरमनला आमच्याकडे ओळखतात ते कोंबड्यांमुळे. सायवनपासून तलासरीपर्यंत ज्या पोल्ट्र्या आहेत, त्यांतल्या निम्म्या शेडांमधले पिल्लांना ऊब देणारे दिवे त्याने टांगलेत. शिक्षण चौथी, आणि तापमान मोजायचं यंत्र त्याने कधी विकत घेतलं नाही. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, दिवा खाली घ्यायचा. भिंतीकडे पळाली तर उकडतंय, वर घ्यायचा. "जनावराला इचारायचा, ते सांगते," असं तो म्हणायचा. त्याच्या दिव्याखाली पिल्लू दगावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

२०१७ च्या डिसेंबरात माझे यजमान, नयनशेठ, मुंबईहून साप घेऊन आले. परदेशी अजगर, बॉल पायथन, बिनविषारी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण निस्तरायला बायको असते. मला सापाची भीती नाही, किळस आहे. फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी गोठवलेल्या उंदरांची पिशवी आली, त्या दिवसापासून मी दही लावणंच सोडलं. येणारा-जाणारा तो प्राणी गळ्यात घालून फोटो काढायचा आणि हात न धुता माझ्याकडून चहाचा कप घ्यायचा.

पहाटेच्या गारठ्यात साप काही खाईना. साप विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर "ऊब द्या" एवढंच सांगितलं. शेठनी मोतीरामला बोलावलं. तो दारातच थबकला.

"शेठ, मी दिवा लावीन. पण त्याला हात नाय लावणार. मना ओकारी येते."

त्याने काचेच्या पेटीत साठ वॉटचा उघडा बल्ब वायरीला टांगला आणि गेला. दुसऱ्या दिवशी बघायला आला तर साप बल्बच्या बरोबर खाली वेटोळं घालून बसलेला. मोतीरामच्या हिशेबाने याचा अर्थ एकच, थंडी वाजतेय. त्याने शंभरचा बल्ब लावला. तिसऱ्या दिवशी साप मान वर करून बल्बला चिकटलेला दिसला. मोतीरामने बल्ब आणखी चार बोटं खाली घेतला. शेठ "वा" म्हणाले, आणि मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी घरभर जळक्या नखांचा वास सुटला. सापाने बल्बला विळखा घातला होता. पोटाची खवलं फुटून पिवळं पाणी गळत होतं, आणि तरी तो सोडत नव्हता. मी आधी बटण बंद केलं, मग मोरीत जाऊन ओकले. परत आले तर शेठ नाकाला रुमाल लावून उभे.

"टाकून दे कुठेतरी. दुसरा आणू," ते म्हणाले. मिक्सर बिघडला की याच आवाजात बोलतात. त्या क्षणी मला सापापेक्षा नवऱ्याची जास्त किळस आली, हे मी लपवणार नाही.

मोतीराम आला आणि फरशीवरच बसला. "सरकला का नाय तो?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. तलासरीच्या गुरांच्या डॉक्टरांना मी फोन लावला. त्यांनी कुणा जाणकाराला विचारून उलट कळवलं: सापाला चटका वेळेत कळत नाही, भाजेपर्यंत तो चिकटून बसतो. दिवा पेटीच्या बाहेर हवा, एकाच टोकाला. दुसरं टोक गार ठेवा. ठरावीक तापमानाला दिवा आपोआप बंद झाला पाहिजे. मलम रोज. महिनाभर जगला तर वाचेल.

मोतीरामने दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. पेटीवर जाळीचं झाकण घट्ट बसवलं. जाळीवर एका कोपऱ्यात मातीची कुंडी उपडी ठेवून बल्ब तिच्या आत घेतला, म्हणजे सापाला बल्बपर्यंत पोचता येणार नाही. अंडी उबवायच्या मशीनचा थर्मोस्टॅट जोडला आणि त्याची तार उबदार टोकाच्या तळाशी पक्की केली. बत्तीस अंशाला दिवा बंद. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर लावला, आयुष्यातले पहिले. मग पेटी दिवसभर रिकामी चालवली आणि स्वतःचा हात आत घालून अर्धा तास बसला. त्यानंतरच साप आत ठेवू दिला.

मलम कोण लावणार? शेठ लावणार नव्हते, मोतीराम हात लावू शकत नव्हता. राहिले मी. हातमोजे घालून, नाकाला पदर बांधून रोज दहा वाजता तो पू पुसायचा आणि मलम चोपडायचं. मोतीराम कामावर जाण्याआधी यायचा, सापाकडे न बघता आकडे वाचायचा आणि जायचा. सवयीने किळस जाते म्हणतात. माझी गेली नाही.

जानेवारीच्या शेवटी सापाने उंदीर गिळला. पुढे कातही टाकली. पोटावर मात्र वीतभर राखाडी व्रण राहिला. महिनाभर जे पेटीकडे फिरकले नव्हते, ते शेठ आता मोबाईल घेऊन आले. सापाला उलटसुलट बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"फोटोत हे घाण दिसतं. मी दुसरा सांगितलाय, रविवारी येईल. मोतीराम, ही पेटी त्याला होईल. याला मागे गोदामात टाक."

"गोदामात वीज नाय, शेठ."

"मग नाही तर नाही."

मोतीरामने पक्कड पिशवीत टाकली. मला वाटलं, निघाला. तो पेटीपाशी गेला, झाकण काढलं आणि तोंड भिंतीकडे फिरवून हात आत घातला. घशाशी आलेलं गिळत, डोळे घट्ट मिटून, त्याने बोटांनी पोटाखालचा व्रण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला.

"हे मी केलाय, शेठ," तो म्हणाला. "तुमाला दुसरा आणता येल. मना नाय."

मग दोन्ही हातांनी साप उचलून त्याने पिशवीत ठेवला, आणि मी कुंडीखालचा बल्ब काढून त्याच्या हातात दिला.