पिवळा टॅग

आमच्या हॉकी संघाचे मॅनेजर आधी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. हातात आलेली वस्तू, मग तो चहाचा कप का असेना, चारही बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. लीगमध्ये आम्ही सलग दोनदा तळाला गेलो, तेव्हा मालकांनी संघ त्यांच्या हवाली केला.

खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा सगळ्या संघांना सारखीच. आमचा निम्मा पैसा एकट्या स्टार फॉरवर्डवर जायचा. यांनी त्यालाच सोडला आणि त्या पैशात दुसऱ्या संघांनी काढून टाकलेले पाच जण घेतले. मी संघाचा फिजिओ. त्या पाचांचे गुडघे बघून मला घाम फुटला.

"रिजेक्ट नाहीत डॉक्टर, रिवर्कचे आहेत," ते म्हणाले. कंपनीत दुरुस्तीच्या मालाला लावतात तसा पिवळा टॅग त्यांनी पाचही किटबॅगांना बांधला. माल पास झाला की हिरवा.

यंदा फायनल जिंकलो, तीही त्याच स्टारच्या नव्या संघाविरुद्ध. त्याचा शेवटचा फटका आमच्या पिवळ्या टॅगवाल्या गोलकीपरनं पायानं अडवला. मैदानात ढोल वाजत होते आणि मॅनेजर बाकाशी उकिडवे बसून एकेका बॅगेचा टॅग बदलत होते. मग त्यांनी स्वतःची बॅग माझ्यापुढे सरकवली. तिलाही पिवळा टॅग होता.

"तुम्हीच बांधा की," मी म्हणालो.

"आपलं काम आपणच पास करायचं नसतं, राव."

मी बॅग उचलली, चारही बाजूंनी फिरवून बघितली आणि मगच हिरवा टॅग बांधला.