फ्यूज माझ्या खिशात होते

भूतंखेतं, नवस, अंगारे... यातलं मी काही मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. मी डोंबिवलीचा, लिफ्ट बसवणारा मेकॅनिक. तारेत करंट आहे की नाही हे टेस्ट लॅम्प लावून बघायचं, एवढीच माझी श्रद्धा. तरीही हे लिहितोय.

गोष्ट सन एकोणीसशे पन्नासनंतरची. ठाण्यात तलावपाळीच्या मागे एका तीन मजली प्रसूतिगृहात आम्ही नवी लिफ्ट बसवत होतो. ऑपरेशनची खोली सगळ्यात वर, आणि जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळायचं नाही. मोटरीला दोन वेग होते. हळू वेगात लिफ्ट शहाण्यासारखी चालायची. पूर्ण वेगात मात्र थांबताना धक्का द्यायची आणि मजला सोडून वीतभर पुढे जायची. डॉक्टरीणबाई रोज विचारायच्या, "कधी देताय?" मी म्हणायचो, "बाई, धक्का गेल्याशिवाय पेशंट बसवू देणार नाही."

त्या सकाळी मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलेलो. मेन स्विच पाडून करंट बंद केला, फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि पॅनलमध्ये हात घातला. माझा जोडीदार म्हात्रे, बाळकुमचा, तळमजल्यावर दाराशी 'काम चालू'ची पाटी लावून बसलेला.

थोड्या वेळाने बाजूला काहीतरी हललं म्हणून मान वळवली. दोर ज्यावरून जातात ते मोठं चाक फिरत होतं... मोटरीची गुणगुण नाही, काही नाही. वेग वाढला — पूर्ण वेग, तो मला नुसत्या नजरेनं कळतो — मग हळूहळू उतरला आणि चाक थांबलं. जराही धक्का नाही.

मी खाली धावलो. वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, तिच्या तळाची फळी मजल्याच्या फरशीला अगदी समपातळीत. स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीत गेलेलं. म्हात्रे जिन्याने धापा टाकत आला.

"आंबिवलीची पोर हाय, पहिलटकरीन. बाल पोटात आरवं आलंय. सिस्टरनी पाटी सारली न घुसल्या आत. मी नको नको म्हनतंय... तुमीच सोरली ना लिफ्ट?"

मी खिशातले फ्यूज काढून दाखवले. त्याने ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले.

मग आतून रडणं आलं, खणखणीत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी. दोघी छान आहेत. बाळ आडवं होतं, जरा उशीर झाला असता तर कठीण होतं. आणि लिफ्ट काय अलगद आणलीत हो."

म्हात्रेच्या हातातले फ्यूज घेऊन मी परत खिशात टाकले. मुलीची आजी दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवत सुटली होती, आणि म्हात्रे तर बापापेक्षा जास्त नाचला.

आमचे साहेब म्हणाले, "ब्रेक सुटला असेल. हलकी लिफ्ट दोराच्या पलीकडच्या टोकाला बांधलेल्या वजनाने आपोआप वर जाते." जाते, खरंय. पण मग ती वर जाऊन आदळते, वेग उतरवून मजल्याला लागत नाही. आणि ब्रेक मी तपासला, घट्ट होता. पुढे दोन दिवस खपून मी तो धक्का काढला, लिफ्ट चालूही करून दिली. पण तितकी अलगद ती माझ्या हातून कधीच थांबली नाही.

ते चाक कशानं फिरलं, मला आजही माहीत नाही. आणि ते फिरताना बघून घाबरायचं सोडून मला इतकं बरं का वाटलं... तेही नाही.