पाठीला चिकटलेला 'गा'

मनिलाच्या दक्षिणेला, ताल नावाच्या तळ्याकाठच्या वाडीत कुणाच्या मुलाला मुलगी मागायची झाली, की गौदेन्सियोला पुढे घालून न्यायचे. धंदा जाळी विणायचा, पण जीभ अशी गोड की आढ्यताखोर बापसुद्धा नरमायचा. "देता गा पोरगी? का नुसतीच कॉफी पाजून वाटेला लावता?" घरातली माणसं हसली की काम फत्ते.

तिकडे प्रश्न विचारताना पहिल्याच शब्दाच्या पाठीला 'गा' चिकटतो. मनिलात त्याऐवजी 'बा' म्हणतात आणि 'गा' ऐकला की हसतात.

त्याची लेक एडेलिन मनिलातल्या बँकेत लागली आणि तिचं लग्न तिकडेच जमलं. मुलाकडचे मागणी घालायला यायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, उद्या जरा कमी बोला. टीव्हीवरचे गडी 'गा, गा' करतात, तसं वाटतं हो ते."

गौदेन्सियो शरमेने अर्धा झाला. परसात जाऊन त्याने 'बा' घोकून पाहिला, तर बायको म्हणाली, "बोकड आणलाय का उद्यासाठी?"

पाहुणे आले, हळदीत शिजवलेलं मांसाचं अदोबो जेवले. मग मुलाची आई अदबीने म्हणाली, "तुमची एडेलिन आम्हांला द्याल ना?"

उत्तर बापानेच द्यायचं असतं. बापाचं मौन म्हणजे नकार, हे त्यानेच वाडीला सांगितलेलं. पण मनात जुळवलेल्या प्रत्येक वाक्यात 'गा' आधीच येऊन बसलेला. तो जमिनीकडे बघत राहिला. मुलाच्या आईने पुन्हा विचारलं. तो गप्पच.

"बरं. समजलो आम्ही," म्हणत तिने पर्स उचलली.

एडेलिन ताडकन उठली. "बाबा! देता गा मला, का नाही? बोला की!" अख्ख्या घराला ऐकू गेलं. तिचे कान लालबुंद झाले होते.

"देतो," तो म्हणाला. तेवढंच. अर्ध्या वाडीची लग्नं बोलून जमवणाऱ्याने स्वतःची लेक एका शब्दात देऊन टाकली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे खुशीत गेल्यावर एडेलिन डोळे पुसत त्याच्याजवळ आली. "बाबा, चुकले मी."

"कशाला गा रडतेस?" तो म्हणाला, आणि पटकन त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

एडेलिनने तो हात धरून ओढला, पण तो निघेना.